लीडरशिप ट्रेनिंग ठरवणाऱ्या सगळ्यांना खुलं पत्र: पुस्तकांच्या समरी वाटणं थांबवा

नमस्कार,

मागच्या आठवड्यात आमच्याकडे नव्यानेच टीम लीड झालेली एक मुलगी माझ्या टेबलापाशी आली, हातात ट्रेनिंगमध्ये मिळालेला प्रिंटआउटचा गठ्ठा. पंचवीस पुस्तकं, प्रत्येक पुस्तकाला एक पान, पानावर पाच मुद्दे आणि खाली एक कोट. तिने दोन दिवसांत सगळं वाचून काढलं होतं, हायलाइटरने रंगवलं होतं, आणि मला म्हणाली, "मॅम, सगळं पटतंय, पण सोमवारी आल्यावर यातलं नक्की काय करायचं तेच कळत नाहीये." मला त्या क्षणी धड उत्तर देता आलं नाही. घरी गेल्यावरही डोक्यातून जाईना, म्हणून हे लिहायला बसले, आणि तुम्हालाच लिहितेय कारण तो गठ्ठा कुठल्याही कंपनीत तुमच्याच डिपार्टमेंटमधून निघतो. एचआर म्हणा, एल अँड डी म्हणजे लर्निंग अँड डेव्हलपमेंट म्हणा, बाहेरून बोलावलेले ट्रेनर म्हणा, लोकांनी लीडरशिपबद्दल काय वाचायचं हे तुम्ही ठरवता.

मी गेली बारा वर्षं टीम सांभाळतेय, आधी चार जणांची होती, आता अकरा जणांची आहे. पुस्तकांबद्दल माझी अजिबात तक्रार नाही, मला लोकांसोबत काम करायला जे काही जमतं त्यातलं निम्मं पुस्तकांनी शिकवलंय आणि उरलेलं निम्मं स्वतःच्या चुकांनी, आणि ती चूक होती हे सुद्धा बऱ्याचदा पुस्तकानेच दाखवलं. म्हणूनच सांगावंसं वाटतं की तुम्ही जे वाटताय ते पुस्तक नाहीये. पुस्तकातला जो भाग माणसाला हलवतो नेमका तोच समरी करताना गळून पडतो.

माझ्याच बाबतीतलं सांगते. सहा-सात वर्षं झाली. टीममध्ये नवीन आलेल्या एका मुलाने क्लायंटला जुनी फाइल पाठवली, आकडे मागच्या महिन्याचे गेले. चूक फार मोठी नव्हती, अर्ध्या तासात निस्तरली पण. तरी त्याच दिवशीच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मी त्याला बोलले, "अरे, पाठवताना फाइलचं नाव तरी वाचायचं ना? एवढं बेसिक पण सांगायला लागतं का?" तो फक्त "सॉरी मॅम" म्हणाला आणि त्याने समोरच्या लॅपटॉपची स्क्रीन हळूच अर्धी खाली घेतली. ती अर्धी मिटलेली स्क्रीन मला अजून दिसते. त्यानंतर पाच महिने त्याची एकही चूक माझ्यापर्यंत आली नाही आणि मला वाटलं पोरगा सुधारला, मी त्याच्या अप्रेझलमध्ये "कामात काटेकोरपणा आला आहे" असं लिहिलं सुद्धा.

मग कधीतरी हार्वर्डच्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांचं "द फिअरलेस ऑर्गनायझेशन" हातात आलं, २०१८ सालचं पुस्तक आहे. त्यात त्या स्वतःच्या पीएचडीच्या दिवसांतली, म्हणजे नव्वदच्या दशकातली एक गोष्ट सांगतात. हॉस्पिटलमध्ये औषध देताना होणाऱ्या चुका आणि त्या वॉर्डातलं टीमवर्क याचा काही संबंध लागतो का हे त्या बघत होत्या. अंदाज अगदी साधा, टीम चांगली तर चुका कमी. आकडे आले ते बरोब्बर उलटे आले, चांगल्या टीमच्या नावावर चुका जास्त. त्या गोंधळल्या, आपलं संशोधनच फसलं असं त्यांना वाटलं. मग विचार करता करता लक्षात आलं की त्या टीममध्ये चुका जास्त होत नसाव्यात, सांगितल्या जात जास्त असाव्यात. जिथे मोकळेपणाने बोलता येतं तिथे चूक कागदावर येते, जिथे भीती असते तिथे ती दबून राहते.

हे वाचलं आणि मी पुस्तक पालथं ठेवून ऑफिसचा लॅपटॉप उघडला. आमची एक शीट असते, काय चुकलं, कधी, कुणाच्या लक्षात आलं, असे तीन कॉलम. पाच महिन्यांत त्या मुलाचं नाव एकदाही नव्हतं. मग मेल बघितले तर क्लायंटला गेलेल्या "सुधारित फाइल"चे मेल होते, रात्री साडेअकरा, पावणेबारा अशा वेळांचे. दुसऱ्या दिवशी जिन्यातून उतरताना त्याला विचारलं. तो आधी नाही म्हणाला, मग म्हणाला, "मॅम, चुका होतात ना अजून, पण मी रात्री बसून सगळं परत चेक करतो, तुमच्यापर्यंत यायच्या आत." पाच महिने तो मुलगा जागत होता आणि मी त्याला काटेकोरपणा म्हणत होते.

आता हे लक्षात घ्या की "मानसिक सुरक्षितता", म्हणजे चूक किंवा शंका न घाबरता बोलता येणं, हा शब्द मी त्याआधी दोन ट्रेनिंगमध्ये ऐकला होता. स्लाइडवर होता, व्याख्येसकट होता, मी वहीत उतरवून पण घेतला होता. त्याने काहीही झालं नाही. मला हलवलं ते एडमंडसन यांच्या त्या गोंधळून जाण्याने, उलट्या आलेल्या आकड्यांनी, कारण माझ्याकडेही तसेच सुंदर दिसणारे आकडे होते आणि मी त्यांच्यावर खूश होते. एका पानात निष्कर्ष मावतो, तिथवर येताना माणूस कुठे अडखळला ते मावत नाही. मी ज्याला धडकले ते त्या अडखळण्यालाच.

एकदा हे कळल्यावर मी जी जी लीडरशिपची टिप ऐकली होती तिच्यामागचं मूळ पुस्तक शोधून वाचायला लागले, आणि दरवेळी तेच होत गेलं. लिंकनचं घ्या. राग आला की पत्र लिहा आणि पाठवू नका, ही टिप तुमच्या गठ्ठ्यात नक्की असेल, डेल कार्नेगीच्या १९३६ च्या पुस्तकापासून ती फिरतेय. घटना खरी आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात, जुलै १८६३ मध्ये, लिंकनच्या सैन्याने गेटिसबर्गची लढाई जिंकली, पण त्याच्या जनरल मीडने माघार घेणाऱ्या शत्रूच्या, म्हणजे जनरल ली च्या, सैन्यावर पुढे जोरात हल्ला केला नाही आणि ते सैन्य पोटोमॅक नदी ओलांडून निसटलं. लिंकनने १४ जुलैला मीडला पत्र लिहिलं, सोन्यासारखी संधी हातची गेली असं त्यात सरळ म्हटलं, आणि मग "पाठवलं नाही, सही केली नाही" अशी पाकिटावर नोंद करून ठेवून दिलं.

टिप इथे संपते. ती वाचून मी पण वर्षभर तसंच केलं. चिडून मेल लिहायचा, ड्राफ्ट्समध्ये ठेवायचा, आणि आपण किती संयमी झालो असं समजायचं. मग एक दिवस टीममधल्या सीनियर सहकाऱ्याने विचारलं, "तू माझ्यावर नाराज आहेस का? चार महिने झाले, कामाबद्दल चांगलं नाही, वाईट नाही, काहीच बोलत नाहीस." माझ्या ड्राफ्ट्समध्ये त्याच्या नावाचे तीन मेल पडून होते आणि त्याला काय सुधारायचं ते एका शब्दाने माहीत नव्हतं.

लिंकनबद्दल जरा सविस्तर वाचल्यावर मग कळलं की मीडपर्यंत नाराजी पोचली होतीच. लिंकनचा सरसेनापती जनरल हॅलेक याने तार करून राष्ट्राध्यक्ष फार असमाधानी आहेत हे त्याला कळवलं होतं, आणि त्यावर मीडने मला या पदावरून मोकळं करा असं सांगितलं होतं. त्यानंतर लिंकन ते पत्र लिहायला बसला. पत्राच्या सुरुवातीला गेटिसबर्गच्या विजयासाठी तो मीडचे मनापासून आभार मानतो, आपल्यामुळे तुम्हाला जराही दुःख झालं असेल तर वाईट वाटतं असं म्हणतो, आणि पुढे लिहिता लिहिता त्याचं स्वतःचंच दुःख वर येतं. म्हणजे जे सांगायला हवं होतं ते सांगून झालेलं होतं, ठेवून दिलं ते फक्त जखम करणारं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मला टिपमधून कधीच कळलं नसतं. आता मी मेल लिहिते, रात्रभर ठेवते, सकाळी त्यातली कामाची एकच गोष्ट शोधते आणि ती समोर बसून तोंडी सांगते.

बेंजामिन फ्रँकलिनचा तेरा सद्गुणांचा तक्ता तर हल्ली प्रत्येक सवयीच्या ॲपमागे सांगितला जातो. वहीत सात दिवसांचे कॉलम, चूक झाली की काळा ठिपका, एक आठवडा एका सद्गुणावर लक्ष, अशा वर्षात चार फेऱ्या. पण आत्मचरित्रात तो पुढे काय म्हणतो ते वाचा. यादी आधी बारांचीच होती. एका क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) मित्राने त्याला सांगितलं की लोक तुला गर्विष्ठ समजतात, वाद घालताना तू नुसतं बरोबर असण्यावर थांबत नाहीस, समोरच्याला दाबून टाकतोस, आणि उदाहरणं देऊन पटवलं. तेव्हा तेरावा सद्गुण आला, नम्रता. आणि तिच्याबद्दल तो म्हातारपणी प्रामाणिकपणे लिहितो की खरी नम्रता मिळवण्यात मला फार यश आलं असं म्हणता येत नाही, दिसण्यापुरती मात्र बरीच जमली. व्यवस्थितपणा तर त्याला शेवटपर्यंत जमला नाही.

मला हा परिच्छेद फार धीर देणारा वाटतो. एवढ्या मोठ्या माणसाला जे पूर्ण जमलं नाही ते मला एका क्वार्टरमध्ये जमलं पाहिजे असा हट्ट सुटला. आणि त्याने केलेली एक बारीकशी गोष्ट मी उचलली. त्याने "नक्कीच", "निःसंशय" असले शब्द बोलण्यातून काढून टाकले आणि त्याजागी "मला आत्ता तरी असं दिसतंय" असं म्हणायला लागला. मी एक महिना फक्त एवढंच केलं. "नाही, असं नाहीये ते" हे माझं ठरलेलं वाक्य बंद, त्याजागी "मला आत्ता तरी असं दिसतंय, तुम्हाला कसं दिसतंय?" पहिले काही दिवस लोक गोंधळले. तिसऱ्या आठवड्यात टेस्टिंगमधली एक मुलगी, जी कधी तोंड उघडायची नाही, ती म्हणाली की मला वेगळं दिसतंय, ही तारीख जमणार नाही, आणि तिने कागदावर दिवस मोजून दाखवले. तिचं बरोबर होतं. ते दिवस आधीही तिने मनात मोजले असणारच ना.

मंडेलांच्या "लाँग वॉक टू फ्रीडम"बद्दल थोडक्यात सांगते. १९९४ चं पुस्तक आहे, लहानपणी ज्यांच्याकडे ते वाढले त्या थेंबू जमातीच्या राजप्रतिनिधींच्या सभांचं वर्णन त्यात सुरुवातीलाच येतं. सगळे बोलायचे, लांबलचक बोलायचे, त्या राजप्रतिनिधींवर त्यांच्या तोंडावर टीका करायचे, आणि ते शांतपणे ऐकत बसायचे, बोलायचे ते अगदी शेवटी. "शेवटी बोला" ही टिप इथून आली आहे. ती मी करून बघितली आणि जी अडचण आली ती कुठल्याच यादीत नव्हती. मी गप्प बसल्यावर खोलीत अशी शांतता पसरली की एसीचा आवाज यायला लागला. सगळे माझ्याकडे बघतायत, मी टेबलाकडे बघतेय, आणि बोलायची इतकी सवय की जीभ शिवशिवत होती. पहिल्या दोन मीटिंगमध्ये मीच मोडलं. तिसऱ्या वेळी कागदावर पेनने रेघा मारत बसले, अर्धी ओळ झाल्यावर कुणीतरी बोललं. लोकांना तुमच्या आधी बोलायची भीती घालवायला वेळ लागतो, आणि तो वेळ तुम्हाला अवघड बसून काढावा लागतो, ह्याला दुसरा रस्ता मला तरी सापडलेला नाही.

आता जरा अवघड विषयावर येते. लीडरशिपची बरीच पुस्तकं जिंकलेल्यांबद्दल असतात आणि तुमच्या समरी त्यांना अजून गुळगुळीत करतात. अंटार्क्टिका खंड ओलांडायला निघालेल्या शॅकल्टनचं उदाहरण मला स्वतःला अतिशय प्रिय आहे म्हणून तेच घेते. एंड्युरन्स जहाज १९१५ च्या जानेवारीत अंटार्क्टिकाजवळ बर्फात अडकलं, नोव्हेंबरमध्ये बुडालं, २८ माणसं बर्फावर उघडी पडली. मग बोटींनी एलिफंट आयलंड, तिथून सहा जण एका छोट्या बोटीने खवळलेल्या समुद्रातून १३०० किलोमीटरच्या आसपास प्रवास करून साउथ जॉर्जियाला पोचले, आणि शेवटी ३० ऑगस्ट १९१६ ला बेटावर राहिलेल्या बावीसही जणांना जिवंत सोडवलं. अल्फ्रेड लान्सिंगच्या १९५९ च्या पुस्तकात हे वाचताना श्वास अडकतो. शॅकल्टनने तंबू वाटताना कुरकुर करणारी, ज्यांच्यामुळे इतरांचं मन खचेल अशी माणसं मुद्दाम स्वतःच्या तंबूत घेतली, हे मी तिथून शिकले आणि वापरलं. अवघड माणसाला टेबलाच्या पार टोकाला बसवायच्या ऐवजी मी माझ्या शेजारी बसवते, खूप फरक पडतो.

पण तुमच्या स्लाइडवर लिहिलेलं असतं की शॅकल्टनने एकही माणूस गमावला नाही. हे अर्धं आहे. त्याच मोहिमेची दुसरी तुकडी खंडाच्या पलीकडच्या बाजूला, रॉस समुद्राकडे होती. शॅकल्टन खंड ओलांडून आपल्या बाजूला येईल तेव्हा त्याला अन्न मिळावं म्हणून वाटेत साठे रचून ठेवायचं त्यांचं काम. तो येणार नाही हे त्यांना कळायचा मार्गच नव्हता. त्यांनी हाल सोसून ते साठे रचले आणि त्यांच्यातले तिघं मेले. आणि सुतार मॅकनिश, ज्याने हाताशी होतं त्या लाकडा-कापडातून ती छोटी बोट समुद्राला टिकेल अशी उंच करून, वरून झाकून दिली, ज्याच्या कामाशिवाय ते सहा जण पोचले नसते, त्याने आधी बर्फावर एकदा हुकूम मानायला नकार दिला होता, जहाजच बुडालं तर करार कुठे उरला असा त्याचा मुद्दा होता. परत आल्यावर ज्या चौघांना पोलर मेडल, म्हणजे ध्रुवीय मोहिमांसाठीचं पदक, मिळालं नाही त्यांच्यात मॅकनिश होता, शॅकल्टनने त्याची शिफारसच केली नाही.

हे वाचून शॅकल्टन माझ्या नजरेत लहान झाला नाही, पण मी स्वतःला प्रश्न विचारायला लागले. माझी रॉस समुद्राची तुकडी कोण आहे? माझ्या प्लॅनसाठी कुठेतरी लांब बसून साठे रचणारे, ज्यांना प्लॅन बदललाय हे मी सांगितलेलंच नाही? होते असे लोक. दुसऱ्या शिफ्टमधले तिघं, एका रद्द झालेल्या कामाचे रिपोर्ट सहा आठवडे बनवत होते, कारण काम रद्द झालं त्या मीटिंगला ते नव्हते. आणि माझा मॅकनिश कोण, एकदा तोंडावर नाही म्हणाला म्हणून मी ज्याचं चांगलं काम नंतर कधीच मोजलं नाही? त्याचंही नाव मला लगेच आठवलं. हे दोन प्रश्न त्या गोष्टीतली मला मिळालेली सगळ्यात मोठी कमाई आहे, आणि "एकही माणूस गमावला नाही" या ओळीतून ते निघूच शकत नव्हते.

"गुड टू ग्रेट" पण तसंच, २००१ सालचं. जिम कॉलिन्सने अकरा कंपन्या निवडून त्या महान कशा झाल्या ते मांडलं. त्यातली सर्किट सिटी २००८ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि गृहकर्जांच्या धंद्यातली फॅनी मे त्याच वर्षी सरकारला ताब्यात घ्यावी लागली. फिल रोझेन्झ्वाइगने २००७ च्या "द हॅलो इफेक्ट"मध्ये हा सगळा दोष आधीच दाखवला होता. कंपनी नफ्यात असली की तोच माणूस द्रष्टा, ठाम, आणि तोट्यात गेली की तोच माणूस हेकट, कुणाचं न ऐकणारा, वागणं तेच पण आपलं वर्णन निकाल बघून बदलतं. तरी मी कॉलिन्सचं पुस्तक टाकून देणार नाही. त्यातली खिडकी आणि आरशाची कल्पना, म्हणजे यश आलं की खिडकीतून बाहेर बघून इतरांना श्रेय द्या आणि अपयश आलं की आरशात बघा, ती मला वागायला उपयोगी पडते, कंपनी महान होवो न होवो. फक्त हे असं केलं की यश मिळतंच अशा खात्रीने नव्या लीड्सना ते देऊ नका. त्या मुलांनी सगळं बरोबर करूनही प्रोजेक्ट बुडू शकतो, आणि तेव्हा त्यांना वाटतं की आपल्यातच काहीतरी खोट आहे.

आणि कृपा करून मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकलचं वाक्य स्लाइडवर लावणं बंद करा. हे मी थोडं रागाने लिहितेय. परिस्थिती काहीही असो, तिच्याकडे बघण्याची दृष्टी निवडायचं स्वातंत्र्य माणसाकडे उरतं, असं त्या माणसाने आउश्विट्झसकट चार छळछावण्यांतून बाहेर पडल्यावर लिहिलं, ज्याचे आई, वडील, भाऊ, बायको सगळे त्या काळात गेले. पुस्तक १९४६ चं आहे. ते वाक्य मी एका ट्रेनिंगमध्ये बघितलं तेव्हा समोर बसलेले लोक दोन महिने शनिवार-रविवार काम करत होते आणि त्यांना ते सहन करायला शिकवलं जात होतं. फ्रँकलने त्याच पुस्तकात अगदी स्पष्ट लिहिलंय की जे दुःख टाळता येण्यासारखं आहे तिथे अर्थपूर्ण गोष्ट म्हणजे त्याचं कारण दूर करणं, विनाकारण सोसत राहण्यात शौर्य नाही. ते पान कुणी दाखवत नाही. टीमवर जास्तीचं काम पडतंय तर काम कमी करणं किंवा माणसं वाढवून मागणं हे लीडचं काम आहे, दृष्टी बदला म्हणणं नाही.

मग काय करा म्हणता? मला सुचतंय ते सांगते. पंचवीसच्या ऐवजी एक पुस्तक द्या आणि तीन महिने द्या. ते वाचायला ऑफिसच्या वेळेतून आठवड्याला दोन तास काढून द्या, नाहीतर घरी लहान मुलं असलेली, आजारी माणूस असलेली लोकं कधीच वाचणार नाहीत आणि तुम्ही त्यांनाच शिकायची आवड नाही म्हणाल. सगळ्यांना एकच पुस्तक नको, निवडू द्या. गांधीजींना १९०४ मध्ये जोहान्सबर्गहून डरबनला जाताना त्यांचे मित्र पोलाक यांनी स्टेशनवर रस्किनचं एक छोटं पुस्तक दिलं, चोवीस तासांचा प्रवास, रात्री झोप लागली नाही, आणि त्याच वर्षी त्यांनी फिनिक्स आश्रमाची जमीन घेऊन राहणीच बदलली. आपण हे पुस्तकाची ताकद म्हणून सांगतो, पण ते स्वतः लिहितात की माझ्या आत खोल रुजलेल्या काही गोष्टी मला त्यात दिसल्या. जमीन तयार होती म्हणून बी रुजलं. प्रत्येकाची जमीन वेगळी तयार असते, कुणाला लोकांशी बोलणं अवघड जातंय, कुणाला काम सोडून देणं, कुणाला नाही म्हणणं. आधी त्याला विचारा की गेल्या महिन्यातली कुठली गोष्ट डोक्यातून जात नाहीये, आणि मग त्यावरून पुस्तक सुचवा.

हायलाइटर वाटू नका, कोरी वही द्या. रोडिगर आणि कारपिकी या दोन संशोधकांचा २००६ चा प्रयोग आहे, विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा परत परत वाचला, दुसऱ्याने वाचून, मिटून, आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा परत परत वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. तुमचा फीडबॅक फॉर्म ट्रेनिंग संपल्या संपल्या भरून घेतला जातो, म्हणजे त्या पाच मिनिटांतच. तेव्हा सगळ्यांना सगळं आठवतं, सगळं आवडलेलं असतं.

मार्कस ऑरेलियस, रोमचा सम्राट, स्वतःसाठी ग्रीकमध्ये टिपणं लिहायचा, छापायला म्हणून नाही. त्याच्या पहिल्या भागात कोणाकडून काय शिकलो याची यादी आहे, आजोबांपासून सुरुवात करून. रस्टिकस नावाच्या गुरूकडून काय शिकलो, तर पुस्तक नीट वाचायला आणि वरवरच्या समजुतीवर समाधान न मानायला. दुसऱ्या एकाकडून शिकला की मला वेळ नाही असं उठसूट म्हणायचं नाही, कामाचं निमित्त करून आपल्या माणसांची जबाबदारी झटकायची नाही. एवढा बादशहा, युद्ध चालू, साथ चालू, आणि तो बसून हे लिहितोय. मला यातलं जे सगळ्यात जवळचं वाटतं ते म्हणजे प्रत्येक शिकवणीपुढे एका माणसाचं नाव आहे. आमच्या टीममध्ये मी हेच चालू केलंय, वर्षाच्या शेवटी प्रत्येकाने एका सहकाऱ्याचं नाव आणि त्याच्याकडून काय शिकलो ते लिहायचं. मागच्या वर्षी तो जुनी फाइल पाठवणारा मुलगा, आता त्याच्या हाताखाली दोघं आहेत, त्यांच्यातल्या एकाने त्याच्याबद्दल लिहिलं होतं की चूक झाली की पहिल्यांदा त्यालाच सांगावंसं वाटतं.

तर तुमच्याकडे एकच मागणं आहे. पुढच्या बॅचचा फीडबॅक ट्रेनिंग घेणाऱ्याकडून घेऊ नका, तीन महिन्यांनी त्याच्या टीमला विचारा, की तुमची लीड आता कुठली एक गोष्ट वेगळी करते. उत्तर आलं तर पुस्तक पोचलं. नाही आलं तर गठ्ठा कितीही सुंदर छापलेला असो, तो बदला.

त्या मुलीला परवा परत भेटले. गठ्ठा बाजूला ठेवला आणि विचारलं की कशाने झोप उडाली आहे. तिच्या टीममध्ये वयाने, अनुभवाने तिच्यापेक्षा मोठे असे एक जण आहेत, ती मीटिंगमध्ये काही बोलली की ते गप्प होतात आणि नंतर बाहेर इतरांशी बोलतात. मी तिला माझी मंडेलांच्या पुस्तकाची प्रत दिली, सभांचं ते पान दुमडून, आणि रेघा मारायला एक पेन. सोमवारी ती मीटिंगमध्ये सगळ्यात शेवटी बोलणार आहे. काय झालं ते तीन महिन्यांनी तिच्या टीमला विचारून तुम्हाला कळवते.

आपली,
अकरा जणांच्या टीमची एक लीड